गादीवाल्याला झोप येत नाही

ज्याला झोप येते त्या माणसाकडे किस्से कमी असतात. बिचारा दिवसातले सात-आठ तास गैरहजरच असतो! आमच्या झोप न येणाऱ्यांच्या ग्रुपमधली माणसं मात्र चोवीसपैकी बावीस तास ड्युटीवर. त्यामुळे दर बुधवारी भेटलो की किस्स्यांची पोतीच्या पोती उतरायची. आता ग्रुप संपून वर्ष होत आलं, तरी चहाला कुणी भेटलं की "अहो, तो शेळीचा सांगा ना" अशी फर्माईश होतेच. म्हटलं, एकदा लिहूनच काढू.

आधी एक खुलासा. "या खोलीत बोललेलं या खोलीतच राहील" असा आमचा नियम होता. म्हणून लिहिण्याआधी सगळ्यांची परवानगी घेतली. भालेराव काका म्हणाले, "आधी मला तपासायला द्या." तेजस म्हणाला, "काका, माझं नाव बदला, अजून लग्न जमायचंय." सुमनताई म्हणाल्या, "माझं नाव हाय तेच टाका. मखमलाबादला फुलांचा मळा हाय हेपण टाका. चार गिऱ्हाइकं तरी येतील."

टाकलं!

*

माझं नाशिकला द्वारका चौकात गाद्यांचं दुकान आहे. दुकानासमोर 'काम चालू आहे, बाजूने जा' अशी एक पाटी किती वर्षं उभी आहे ते मलाही आठवत नाही. काम कधी दिसलं नाही, पण पाटीने एक दिवस सुट्टी घेतलेली नाही. आणि दुकानावर वडिलांनी रंगवून घेतलेली आमची पाटी: 'शांत झोपेची हमी'. त्या पाटीखाली मी आणि माझा थोरला भाऊ, दादा, दोघं बसायचो. तीन वर्षांपूर्वी दादा गेला. तेव्हापासून मी एकटाच बसतो आणि तेव्हापासूनच माझी झोप गेली.

गादीवाल्याची झोप गेली की तो काय करणार? गादी बदलणार! कापसाची झाली, काथ्याची झाली, फोम, स्प्रिंग, लॅटेक्स, सगळं झालं. चौदा गाद्या बदलल्या. बायको वंदना म्हणाली, "घरात माणसं दोन आणि गाद्या येऊन गेल्या चौदा. खालचे विचारतात, वर लॉज काढलाय का?"

पंधरावी गादी येणार म्हटल्यावर तिने स्वतःची उशी उचलली आणि हॉलमधल्या दिवाणावर मुक्काम हलवला. "तुम्ही तळमळा निवांत," एवढंच म्हणाली. हे मात्र मला लागलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात भांडणं रग्गड झाली, पण उशी कधी खोलीबाहेर गेली नव्हती. झोप आली नाही तरी चालेल, पण ती उशी परत यायला हवी, असं मला वाटायला लागलं. पण उशी माझ्या तळमळण्यामुळे गेली होती, म्हणजे आधी झोप आणणं आलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काही सापडलं नाही. म्हणाले, "नाशिक रोडला एक मॅडम आहेत. मानसोपचाराने झोप मार्गावर आणतात. गोळ्या नाहीत, बोलणं आणि सवयी. त्यांच्याकडे जा."

मी चिडलो. "डॉक्टर, मी काय वेडा आहे?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चौदा गाद्या बदललेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये."

मॅडमची खोली नाशिक रोडच्या एका कॉलनीत, पिठाच्या गिरणीच्या वर. पहिल्या बुधवारी मी जिना चढलो तो डावीकडे-उजवीकडे बघत. एखाद्या गिऱ्हाइकाने बघितलं तर? हमी देणारा मालकच झोपेच्या क्लासला! वर गोलात खुर्च्या मांडलेल्या आणि तीन माणसं बसलेली. त्यातले पासष्टीचे एक गृहस्थ माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, "तुम्ही द्वारकेचे गादीवाले ना? अहो, मी तुमच्याकडूनच गादी घेतलीय!" हेच भालेराव काका.

शेजारी डोक्यावर पदर घेतलेल्या सुमनताई होत्या. त्या म्हणाल्या, "म्यापण. लेकाच्या लग्नात."

कोपऱ्यातला पोरगा, अंबडच्या कंपनीत इंजिनिअर असलेला तेजस, म्हणाला, "आमच्याकडेपण तुमचीच आहे. स्प्रिंगची."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मॅडम माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, पायात स्पोर्ट्स शूज. त्यांनी रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं आणि मान वर न करता म्हणाल्या, "घाबरू नका. माझ्याकडेही तुमचीच गादी आहे आणि मी छान झोपते. गादीत काही दोष नाही."

*

मॅडमनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना झोपेची डायरी दिली. रोज सकाळी भरायची. किती वाजता आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, मध्ये किती वेळा उठलात, झोप कशी वाटली.

भालेराव काकांची अख्खी नोकरी सरकारी छापखान्यात गेली होती. छापलेल्या तिकिटांचे मोठमोठे शीट समोर यायचे आणि काका एकेका शीटवरून नजर फिरवायचे. कुठे शाई पसरलीय, कुठे रेघ सरकलीय, एवढंच बघायचं. डाग दिसला की शीट बाद. रिटायर झाल्यावर छापखाना सुटला, नजर सुटली नाही. भालेराव वहिनी सांगायच्या की काका पोळीसुद्धा आधी उजेडात धरून बघतात.

पुढच्या बुधवारी काकांनी डायरी दिली. तासांचे रकाने रिकामे. सात रात्रींपुढे लाल पेनने एकच शब्द सात वेळा: रिजेक्ट!

मॅडमनी विचारलं, "सोमवारी काय झालं होतं?"

"अकराला झोपलो. साडेचारला जाग आली. पाच मिनिटांनी परत लागली, सहाला उठलो."

"मग रिजेक्ट का?"

"जाग आली ना मध्ये! डाग तो डाग."

"शेवटची रात्र पास कधी झाली होती?"

काकांनी बराच विचार केला. "रिटायर झाल्यापासून एकही नाही."

मॅडम म्हणाल्या, "मला छापखान्यातलं कळत नाही म्हणून विचारते. एखादा तपासनीस रोज सगळेच्या सगळे शीट बाद करायला लागला, तर तुमच्याकडे काय करायचे?"

काका ताडकन म्हणाले, "सगळेच बाद कसे होतील? असं झालं की मशीनला हात लावायचा नाही. आधी तपासणाऱ्याचे डोळे तपासायला पाठवायचे!"

बोलून गेले. चष्मा काढून पुसत बसले. आम्हीही कुणी हसलो नाही.

त्याच्या पुढच्या बुधवारी डायरीत सहा रिजेक्ट होते आणि गुरुवारपुढे निळ्या पेनने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'पास. किरकोळ डाग.'

*

नाशिकमध्ये झोप येत नाही हे कुणाला सांगायची सोय नाही. माझ्या मेहुण्याने जायफळ पाठवलं. व्याह्यांनी तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळायला सांगितलं. बँकेतल्या कॅशियरने म्हशीचं दूध सुचवलं, त्याच्या मागच्याने रांगेतूनच "म्हशीचं नाही, गायीचं!" म्हणून दुरुस्ती केली. त्या रात्री मी जायफळ उगाळलेलं गायीचं दूध पिऊन, पायाला तूप चोळून आडवा झालो. झोप आली नाही ती नाहीच, वर बाथरूमकडे जाताना तुपावरून घसरलो!

हे ऐकून मॅडमनी आम्हाला नियम दिले. पहिला, गादी फक्त झोपेसाठी. तिच्यावर बसून मोबाईल नाही, टीव्ही नाही, उद्याचा विचार नाही. मी म्हटलं, "मॅडम, हे बाहेर बोलू नका. निम्मं गिऱ्हाईक टीव्ही बघायलाच गादी घेतं."

दुसरा नियम त्याहून भयंकर. त्या म्हणाल्या, "तुमच्या डायरीप्रमाणे तुम्ही नऊ तास अंथरुणात असता आणि झोपता जेमतेम एखादा तास. आजपासून अंथरुणात पाचच तास. साडेबाराच्या आधी आडवं व्हायचं नाही, साडेपाचला उठायचं. त्यात झोप भरली की वेळ वाढवू."

"अहो, आम्ही झोप मागायला आलो आणि तुम्ही आहे तीसुद्धा काढून घेताय!"

"तुमच्या अंगाला सवय लागलीय की गादी म्हणजे तळमळ. ती मोडायची आहे. आणि आडवं झाल्यावर वीसेक मिनिटं झोप नाही आली, तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं. काहीतरी कंटाळवाणं काम करायचं. डोळे मिटायला लागले की परत."

आमच्याकडे दुसरी खोली म्हणजे हॉल आणि हॉलमध्ये वंदना. मी अंधारात चोरपावलांनी दारात पाय ठेवला की डोळेही न उघडता ती सांगायची, "लसूण ओट्यावर आहे." मला तिचा हेवा वाटायचा. बाई झोपेतसुद्धा घर चालवते!

मी लसूण सोलायचो. सोलता सोलता पेंगायला लागलो की खोलीत जायचो. पहिल्या पंधरवड्यात इतका लसूण सोलला की वंदनाने चार बरण्या लोणचं घातलं. तिच्या भिशीतल्या बायका आगाऊ नंबर लावायला लागल्या. हळूहळू मात्र माझं उठणं कमी झालं आणि मॅडमनी मला पाचाचे साडेपाच तास करून दिले.

एका सकाळी वंदना वाटीत बघत काळजीने म्हणाली, "आठवड्यात एवढाच लसूण? तुमची तब्येत बरी आहे ना?"

*

सुमनताईंचं दुखणं असं की रोज पहाटे अडीचला टक्क जाग. तीस वर्षं त्या वेळी उठून त्यांनी फुलं मार्केटला नेली होती. आता लेक पिकअप घेऊन जातो, पण ताई अडीचला अंगणात उभ्या राहून त्याला सूचना देतात. सून वैतागली आणि तिनेच त्यांना मॅडमकडे आणून सोडलं.

एकदा मॅडम आम्हाला अंग सैल सोडायला शिकवत होत्या. खाली गिरणीची घरघर, वर आम्ही डोळे मिटून बसलेलो. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या, "तुमची आवडती शांत जागा डोळ्यांसमोर आणा. सुमनताई, काय दिसतंय?"

"मळा. झेंडू लय फुललाय."

"छान. वाऱ्यावर फुलं हलतायत. श्वास हळूहळू सोडा..."

"मॅडम, थांबा."

"काय झालं?"

"तिसऱ्या वाफ्यात गवत माजलंय."

"असू दे. गवताकडे बघू नका. फुलांकडे बघा."

ताईंनी खाडकन डोळे उघडले. "बघू नको कसं? तुम्ही येणार हाय का खुरपायला?"

आम्ही अंग सैल सोडलं होतं ते हसून हसून आणखी सैल झालं. मॅडमनी मग सरळ त्यांची डायरी पुढे घेतली. "ताई, तुम्ही झोपता किती वाजता?"

"सात-साडेसातला. दिवे लागले, जेवलं, की आडवं."

"आणि लगेच झोप लागते?"

"पडल्या पडल्या."

मॅडमनी बोटांवर मोजलं. "म्हणजे सात तास! मधे उठताही नाही. ताई, तुमची झोप पूर्ण होतेय. तुमचं घड्याळ फक्त मार्केटचं आहे. तुम्हाला काही झालेलं नाही."

ताईंचा चेहरा उतरला. "मंग मी आजारी नाय?"

"अजिबात नाही."

"मंग बुधवारी येऊ नको?"

मॅडमनी आमच्याकडे बघितलं, आम्ही मॅडमकडे. मग त्या म्हणाल्या, "या की."

अख्ख्या ग्रुपमध्ये कसलाही आजार नसलेली ही एकच बाई. तिचा एकही बुधवार चुकला नाही.

*

आता तो शेळीचा.

तेजसच्या मनगटावर एक घड्याळ होतं. ते रोज सकाळी शंभरपैकी झोपेचे मार्क द्यायचं. पोरगा बारावीपर्यंत मेरिटमध्ये आलेला, त्याला हे मार्क सहन व्हायचे नाहीत. झोपेतून उठायचा तेव्हा फ्रेश वाटायचं, मग घड्याळात त्रेचाळीस दिसायचे आणि दिवसभर त्रेचाळीसवाल्यासारखा फिरायचा. रात्री पुन्हा, 'आज सत्तर पाडायचेच' म्हणून डोळे गच्च मिटून अभ्यासाला बसल्यासारखा झोपायचा!

मॅडम म्हणाल्या, "एक आठवडा घड्याळ काढून ठेव."

"घरात असलं तर मी बघणारच मॅडम."

"मग दुसऱ्याकडे दे."

सुमनताई म्हणाल्या, "दे हिकडं. मी ठेवते."

पुढच्या बुधवारी ताईंनी ते पदराच्या गाठीतून सोडून तेजसला परत दिलं. त्याने मोबाईल जोडला आणि त्याचा आ वासला. सातही दिवस नव्वदच्या वर! "ताई, तुम्हाला काय झोप लागते हो! एक्याण्णव, चौऱ्याण्णव... काय करता तुम्ही?"

"मी कुठं घातलंय? मला खाजतं ते. शेळीच्या पायाला बांधलं व्हतं. तिला लय आवडलं."

तेजस घड्याळाकडे बघतच राहिला. खाली आणखी एक ओळ होती, ती त्याने वाचून दाखवली: 'उत्तम! तुम्ही योग्य मार्गावर आहात.' मला अजूनही वाटतं की ताईंनी थोडं तिखट-मीठ लावलेलं असणार, पण मार्क आम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी बघितले.

तेजसने ते घड्याळ परत मनगटावर बांधलं नाही. म्हणाला, "शेळीशी कॉम्पिटिशन नको."

*

माझ्या वाट्याला आली काळजीची वही. मॅडमचं म्हणणं, काळजी बंद करता येत नाही, पण तिला वेळ ठरवून देता येते. रोज संध्याकाळी पाच ते साडेपाच वही घेऊन बसायचं आणि असतील नसतील त्या सगळ्या काळज्या लिहायच्या. रात्री एखादी आली की सांगायचं, उद्या पाचला ये.

मी दुकानात काउंटरवरच बसायला लागलो. पहिल्या दिवशी शेजारचे ताडपत्रीवाले युसुफभाई डोकावले. "क्या शेठ, काय लिहिताय?"

"काळजी करतोय. पाच ते साडेपाच."

युसुफभाईंनी स्टूल ओढलं. "अच्छा सिस्टम आहे. एक माझी पण लिहा."

चार दिवसांत टायरवाला आला, पाठोपाठ चहाही यायला लागला. पाच वाजले की द्वारकेवरच्या निम्म्या काळज्या माझ्या वहीत! एकदा ऐन सव्वापाचला एक जोडपं गादी बघायला आलं. मी उठायला लागलो तर युसुफभाईंनी मला खाली बसवलं आणि त्यांना अदबीने सांगितलं, "पंधरा मिनिट थांबा हं, शेठ अभी काळजीत आहेत."

ते जोडपं 'शांत झोपेची हमी' या पाटीकडे बघत बघत निघून गेलं.

हा किस्सा मी बुधवारी रंगवून सांगितला. सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि वही चाळायला लागल्या. मग म्हणाल्या, "रोज शेवटची एक ओळ तुम्ही लिहून खोडलीय. रोज. ती काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही, असंच." मॅडमनी वही तशीच उघडी धरली. खाली गिरणी चालू होती. मग माझ्याच तोंडून निघालं, "दादा झोपेत गेला."

रात्री जेवला, आडवा झाला, सकाळी उठला नाही. आमच्याच दुकानातल्या सगळ्यात भारी गादीवर. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय भाग्यवान माणूस! झोपेतच गेला!" मी मान हलवायचो आणि रात्री दिवा मालवला की वाटायचं, मलाही असंच भाग्य लाभलं तर? डोळे मिटायची भीती वाटायची हो. चोपन्न वर्षांचा मी, गादीवाला, आणि गादीला घाबरायचो!

बोलता बोलता रडायला लागलो. चारचौघांत असा मी दादाच्या दहाव्यालाही रडलो नव्हतो. सुमनताईंनी पिशवीतून शेवंतीची दोन फुलं काढून माझ्या मुठीत कोंबली. "घ्या. रडताना हातात काय तरी पाहिजे."

मॅडमनी विचारलं, "हे घरी माहीत आहे?"

"छे! वंदना घाबरेल. तिच्यासमोर मी एकदम बिनधास्त असतो."

त्या दिवसापासून झोप येऊन पडली असं काही झालं नाही. पण ती ओळ खोडायची मी बंद केली. पाचला लिहायचो, साडेपाचला वही मिटायचो. डायरीत चार तास दिसायला लागले, मग पाच. उशी मात्र अजून हॉलमध्येच होती.

*

शेवटच्या बुधवारी मॅडमनी सांगितलं, घरच्यांना घेऊन या. मी वंदनाला घेऊन गेलो. खुर्ची ओढून ती सुमनताईंच्या शेजारी बसली आणि दोन मिनिटांत लोणच्याची चर्चा सुरू झाली.

मॅडम म्हणाल्या, "सुरुवात कुठून केली ते आठवायला हवं. प्रत्येकाने डायरीचा पहिला आठवडा वाचा."

मी वाचायला लागलो. "सोमवार, झोप शून्य. मंगळवार, एक तास. बुधवार, शून्य..."

"खोटं!" वंदना म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने पर्समधून भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं काढली. कोऱ्या बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं. तिने चष्मा लावला आणि तारीख शोधून वाचलं, "सोमवार. एक दहा, घोरणं सुरू. तीन पाच, थांबलं. उठून बघितलं. ठीक. तीन वीस, परत सुरू. पाचपर्यंत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शून्य म्हणे!"

हशाचा धबधबाच कोसळला. तेजस ओरडला, "काकू, तुमचा डेटा माझ्या घड्याळापेक्षा भारी आहे!" भालेराव काकांनी ती पानं हातात घेतली, उजेडात धरली, वरून खालपर्यंत नजर फिरवली आणि जाहीर केलं, "आठ महिन्यांची पानं आहेत. एकही रात्र सुटलेली नाही. सगळे शीट पास!"

मी म्हणत होतो, "अहो पण मी जागा होतो!" आणि ते ऐकून सगळे आणखी हसत होते. मॅडमही म्हणाल्या की असं होतं, माणूस झोपलेला असतो आणि त्याला वाटतं रात्रभर जागाच होतो. काकांच्या हातातली पानं त्यांनी घेतली, दोन-तीन वाचली आणि हसायच्या थांबल्या.

"वंदनाताई," त्या म्हणाल्या, "हे सगळं लिहिताना तुम्ही कधी झोपत होतात?"

वंदना चष्म्याची काडी दुमडत बसली. मग म्हणाली, "दोघांतल्या एकाने तरी जागं राहायला नको का? दादा गेले त्या रात्री जाऊबाई शेजारीच गाढ झोपलेल्या होत्या. अजून रडतात त्या."

पर्सची चेन लावत ती पुढे म्हणाली,

"मी आधी खोलीतच होते. पण यांच्या नाकाशी बोट धरलं की हे जागे व्हायचे. म्हणून हॉलमध्ये गेले. तिथून घोरणं नीट ऐकू येतं."

मॅडमनी ड्रॉवरमधून एक कोरी डायरी काढली आणि तिच्या हातात दिली. सुमनताईंनी पिशवीत हात घातला, पण फुलं संपली होती. मग त्यांनी वंदनाचा हातच धरून ठेवला.

संध्याकाळी आम्ही गाडीने घरी निघालो.  मी म्हटलं, "वंदना, आता मी बघतो सगळं. तू झोप."

"समोर बघून चालवा," ती म्हणाली.

उपनगर नाका ओलांडेपर्यंत तिची मान माझ्या खांद्यावर आली होती. द्वारकेला आमच्या दुकानापाशी पोचलो तेव्हा नेहमीसारखा जाम. गाड्या, ट्रक, रिक्षा, हॉर्न. आणि त्या सगळ्या गोंगाटात आमच्या गाडीत एक बारीक घोरणं सुरू झालं. मी डॅशबोर्डवरच्या घड्याळात बघितलं. सहा बावीस.

जाम सुटला. पुढची गाडी निघाली. मी गियर टाकायला डावा हात उचलला असता तर तिची मान हलली असती. मी इंजिन बंद केलं.

मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. चांदवडकडचा एक पिकअपवाला, मागे कांद्याच्या गोण्या भरलेल्या, गाडीतून उतरला आणि तरातरा माझ्या खिडकीशी आला. "ओ शेठ! झोपले का काय?"

मी ओठावर बोट ठेवलं आणि नजरेनेच शेजारी दाखवलं. तो वाकला. वंदनाचं तोंड थोडं उघडं होतं, चष्मा नाकावर घसरलेला, मांडीवर कोरी डायरी. तो जरा वेळ बघत राहिला. मग सरळ झाला, फूटपाथजवळ गेला, माझ्या दुकानासमोरची ती कित्येक वर्षांची पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि आणून आमच्या गाडीच्या मागे उभी केली.

मागच्यांना हात करत तो दबक्या आवाजात सांगायला लागला, "हॉर्न नका वाजवू. बाजूनं काढा. हितं काम चालू हाय."